हजाराव्या चंद्राचे कागद

आमच्या सासूबाईंना तीन जन्मतारखा आहेत. आधारवर १ जून १९४१ आहे, ती शाळेतल्या मास्तरांनी दिलेली. त्या पिढीतल्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, आणि पोरीला दाखल करायला आलेल्या बापाला तारीख विचारली की तो आढ्याकडे बघायचा. दुसरी तारीख त्यांच्या आईने सांगितलेली: त्याच वर्षीचा श्रावण, गोकुळाष्टमीच्या आगेमागे, "तांबड्या गाईला कालवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिसरी मतदार ओळखपत्रावरच्या वयातून निघते आणि आईंना दोन वर्षांनी तरुण करते. ऐंशी वर्षं या तीन तारखांनी एकमेकींना त्रास दिला नाही. दिला तो आईंना बोटीवर न्यायचं ठरल्यावर.

बोटीचं खूळ त्यांचंच. सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही गंगापूर रोडवरचा हॉल बघत होतो. दीडशे माणसं, तुला, ऐंशी दिव्यांचं औक्षण, आम्रखंड की बासुंदी असा घोळ चालला होता. आई म्हणाल्या, "हॉलबिल नको. मला समुद्रावर न्या. काठावर नाही, आत." निफाड तालुक्यातलं माहेर, नाशकातलं सासर, आयुष्यभराचं पाणी म्हणजे गोदावरी आणि नळ. समुद्र त्यांनी दोनदा पाहिलेला, दोन्ही वेळा चपला हातात घेऊन.

मग मुंबई–गोवा क्रूझ, दोन रात्री. तारीख कुठली धरायची? सहस्रचंद्रदर्शन ८० वर्षं ८ महिने झाले की करतात. आधार धरलं तर १ फेब्रुवारी २०२२. गुरुजींनी श्रावण धरून चैत्र काढून दिला. नवरा इंजिनिअर, त्याला गप्प बसवेना. त्याने एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंतचे २९.५३ दिवस हजाराने गुणले आणि उत्तर आलं, ८० वर्षं १० महिने, म्हणजे जून. "शास्त्रात असं मोजत नाहीत," गुरुजी म्हणाले. "मी चंद्रच मोजतोय," नवरा म्हणाला. जूनमध्ये मुंबईच्या समुद्रात बोट कोण घालतं? आम्ही सरकारी तारीख धरली आणि ४ फेब्रुवारीच्या शुक्रवारचं बुकिंग केलं. डिसेंबरचे दिवस होते, ओमायक्रॉन हा शब्द अजून नवा कोरा होता.

बुकिंगच्या पैशांची पावती एक पानाची आली आणि आरोग्याच्या अटी नऊ पानांच्या. दोन्ही डोस हवेत, दुसऱ्याला १४ दिवस होऊन गेलेले हवेत, आणि वर चढण्याआधी ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह हवा. सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मसाल ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे. 'तंतोतंत'ला अधोरेखा होती.

आईंचं जुळत नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा त्यांचं आधार बँकेत अडकलेलं होतं, म्हणून आम्ही मतदार ओळखपत्र दाखवलं होतं. महापालिकेच्या शाळेतलं केंद्र, लहान मुलांच्या बाकांवर बसलेले म्हातारे, भिंतीवर बे एके बे. टेबलापलीकडच्या मुलीने वयातून वजाबाकी करून १९४३ टाकलं. तेव्हा कुणी बघतंय! लस मिळाली हेच खूप होतं. दुसरा डोस २४ एप्रिलला. त्याच्या तीन दिवस आधी, २१ एप्रिलला, शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची २२ हून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात नाशकात कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. केंद्रावरच्या रांगेत आईंच्या पुढे उभा असलेला माणूस नुसता रडत होता आणि आम्ही कुणी त्याला का म्हणून विचारलं नाही. तो मोबाइलवर आलेला हिरवट कागद त्या दिवसाचा आहे. डिसेंबरात मी त्याच कागदातलं जन्मसाल दुरुस्त करायला बसले, सुट्टीसाठी.

कोविनवर दुरुस्तीची सोय होती, पण ती एकदाच. एकदा चुकलं की चुकलं. शिवाय एका मोबाइल नंबरवर तेव्हा चारच माणसं बसायची, आणि आमच्या नंबरावर पाचवा म्हणून नवऱ्याचा काका लटकलेला. त्याचं खातं माझ्या भाच्याच्या नंबरावर, भाचा मालवाहू जहाजावर, ओटीपी अटलांटिकमध्ये. (जानेवारीत चाराची सहा झाली, तोवर काकांनी दुसरं सिमकार्ड घेतलं होतं.) आईंचं १९४३ चं १९४१ करताना माझा अंगठा असा थरथरत होता की नवरा म्हणाला, "अगं, बॉम्ब निकामी करतेस का?" नाव मात्र मी तसंच ठेवलं. आधारवर त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ए' आहे, सर्टिफिकेटवर दोन. साल की 'ए', दोन्हींतलं एक निवडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही एकदम बदलता येतात हे नंतर कळलं.

जानेवारी उजाडला आणि बातमी आली. नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर, सुमारे दोन हजार माणसांत, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. बोट मुरगावला उभी आणि माणसं खाली उतरेनात. कागद तपासूनच चढवलेली सगळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःच्या मनातला प्रश्न स्पष्ट ऐकला: मग एवढा खटाटोप कशाला? स्वॅब कालचं सांगतो, बोट उद्याची असते. ४८ तासांत माणूस किती ठिकाणी जातो, किती जणांच्या तोंडासमोर उभा राहतो. मी तर मनातल्या मनात त्या नऊ पानांना एक कडक उत्तरही लिहून टाकलं होतं.

पण भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या बहिणीचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. त्याच्यापुढे क्रूझच्या अटींबद्दल कुरकुर करणं म्हणजे शेतकऱ्यापुढे कुंडीतल्या मिरचीची तक्रार. २०२० मध्ये बंदरं बंद झाली आणि खलाशांची अदलाबदल थांबली तेव्हा जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, त्यांतला हा एक. नऊ महिन्यांसाठी गेलेला चौदा महिन्यांनी आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला उभ्या असलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसांपैकी सातशेहून जास्त बाधित झाली, हे त्याने भर समुद्रात रेडिओवर ऐकलं होतं.

"मावशी, तुझं एक सर्टिफिकेट आहे, माझी वही आहे," म्हणत त्याने पिवळी पुस्तिका कॅमेऱ्याला लावली. त्यांना ब्राझीलला जावं लागतं, पश्चिम आफ्रिकेत जावं लागतं, तिथे पीतज्वराची लस लागते. ती कुठेही मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं. टोचल्यावर दहा दिवसांनी ती चालू होते, आणि २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते. आधी दर दहा वर्षांनी घ्यावी लागायची. "आणि पिवळा झेंडा माहितीये का आजी?" तो आईंना म्हणाला. परदेशी बंदरात शिरताना जहाजावर पिवळा झेंडा चढवतात. पूर्वी रोगाची बोट पिवळी असायची, लांब राहा म्हणून. आता त्याचा अर्थ उलटा आहे: आमच्या बोटीवर सगळे धडधाकट आहेत, आम्हाला आत येऊ द्या. बंदराचा आरोग्य अधिकारी कागद बघतो, हो म्हणतो, मग झेंडा उतरतो. तोवर कुणी पायरीवरसुद्धा उतरायचं नाही.

आईंनी ते फार मन लावून ऐकलं. "आमच्याकडं कडुलिंबाचा डहाळा लावायचे," त्या म्हणाल्या. घरात देवी आल्या की दाराला डहाळा. तो दिसला की भिकारीसुद्धा उंबऱ्याशी येत नसे. शेजारीण ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवून हाक मारून निघून जायची. "कुणी रागवायचं नाही. डहाळा वाळला, उतरवला, की पुन्हा येणं-जाणं." भाच्याला 'देवी आल्या' म्हणजे घरात कुणाला तरी देवीचा रोग झाला, हे सांगावं लागलं.

तसं ते त्या आठवड्यात आणखी एकीला सांगावं लागलं. साठीच्या वरच्या, आधीचं काही दुखणं असलेल्यांना तिसरा डोस, सरकारी भाषेत 'प्रिकॉशन डोस', १० जानेवारी २०२२ ला सुरू झाला. दुसऱ्या डोसाला नऊ महिने व्हायला हवेत, म्हणजे आईंचा नंबर २४ ला. (एक गंमत आठवली म्हणून सांगते. १८९७ साली १० जानेवारीलाच मुंबईत हाफकिन साहेबाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. बरोबर सव्वाशे वर्षं. सरकारने तो दिवस बघून निवडला असेल असं वाटत नाही.) पुन्हा तीच शाळा, तेच बाक. नर्स पंचविशीची होती. आईंनी पदर सरकवला, बाही वर केली, आणि ती सुई हातात घेऊन थांबली. दंडावर दोन गोल खड्डे, चवलीएवढे, आतली कातडी चुरगळलेल्या कागदासारखी.

"आजी, भाजलं होतं का?"

"देवी टोचल्याची खूण आहे ती."

नर्सने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, आणि टोचणंही थांबलं. तिने बोट त्या खड्ड्यावरून हळूच फिरवलं, मग त्याच्या खाली दोन बोटं जागा सोडून सुई दिली. आई म्हणाल्या, "आमच्या वेळी कागद देत नव्हते. दंड दाखवला की झालं." मला त्यांचा हेवा वाटला. त्या खुणेत स्पेलिंग नव्हतं.

आता आरटीपीसीआर. सुरुवातीला साडेचार हजारांना पडणारी ही तपासणी डिसेंबर २०२१ पर्यंत महाराष्ट्रात केंद्रावर जाऊन दिली तर ३५० आणि घरी बोलावलं तर ७०० रुपयांवर आली होती. पैशांचा प्रश्न नव्हता, तासांचा होता. शुक्रवारी दुपारी १२ पासून बोटीवर चढायचं, संध्याकाळी ५ ला बोट सुटणार. ४८ तास कशाच्या आधी? चढण्याच्या की सुटण्याच्या? आणि मोजायचे कुठून, स्वॅब घेतल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून? टूरवाल्याच्या फोनवर सकाळच्या मुलीने एक सांगितलं, संध्याकाळच्या मुलाने दुसरं. जास्त कडक ते खरं, असं समजून आम्ही बुधवारी दुपारी १२ नंतरचा स्वॅब ठरवला. लॅबचा मुलगा घरी यायचा तो सकाळी ७ ते १०. सकाळी ७ चा स्वॅब शुक्रवारी दुपारी ५३ तासांचा होतो. शेवटी त्याच्या हातापाया पडून बुधवारी ४ ची वेळ घेतली. गुरुवारी रात्रीपर्यंत रिपोर्ट, शुक्रवारी पहाटे ५ ला गाडी, कसारा घाट, बॅलार्ड पिअर. साखरपुड्याच्या मुहूर्ताला आम्ही इतके घड्याळाला चिकटलो नव्हतो.

तो मुलगा आला, हातमोजे चढवले, नळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. आईंची पाळी पहिली. काडी नाकात बरीच आत गेली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, शिंक आली नाही. "नाक टोचलं तेव्हा याहून दुखलं होतं," त्यांनी पोराला सांगितलं. "पण तेव्हा नथ मिळाली." नवऱ्याने मागे मान घेत घेत खुर्ची भिंतीला टेकवली. मी अगदी शहाण्यासारखी बसले.

गुरुवारी रात्री नऊला तीन पीडीएफ आल्या. बॅगा दाराशी, डब्यात दशम्या, आईंची नवी इरकल वरच्या कप्प्यात. आई निगेटिव्ह, नवरा निगेटिव्ह, आणि मी पॉझिटिव्ह.

मला काही होत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, चहाचा वास येत होता. मी आधी रिपोर्टवरचं नाव वाचलं, मग वय वाचलं, मग पट्ट्या बदलल्या असतील असं म्हणाले. मग आमच्या डॉक्टरांना फोन. त्यांनी सीटी विचारली. ३३. ही तपासणी नमुन्यातल्या विषाणूच्या तुकड्याच्या प्रती काढत जाते, दुप्पट, चौपट, आठपट. कितव्या फेरीला तो मशीनला दिसला तो आकडा म्हणजे सीटी. आकडा मोठा, म्हणजे माल कमी. "आत्ता सुरुवात असेल किंवा होऊन गेलेलं असेल," डॉक्टर म्हणाले. "मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा काही आठवडे सापडत राहतात. मधे सर्दी वगैरे झाली होती का?"

झाली होती. संक्रांतीनंतर तीन दिवस. नाशकातली थंडी, रात्री गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले होते, तिळाच्या वड्या जरा जास्त खाल्ल्या होत्या, अशी तिन्ही कारणं तेव्हा माझ्याकडे तयार होती. त्या तीन दिवसांत मी चार घरी हळदीकुंकवाला गेले होते. एका घरी तर यजमानीण बाई पन्नास जणींना अत्तर लावत होती, प्रत्येकीच्या तोंडापाशी तोंड नेऊन, आणि मी म्हणाले होते, "अगं, मला वास येत नाहीये, सर्दी आहे ना, पण लाव." हे वाक्य फोन कानाला धरलेला असतानाच मला आठवलं. डॉक्टर पलीकडून विचारत होते, "हॅलो? झाली होती का?"

"थोडीशी," मी म्हणाले.

नऊ पानांना लिहिलेलं माझं कडक उत्तर तिथेच राहिलं. तपासणी कालचं सांगते, बरोबर. पण माझं कालचं मला कुठे ठाऊक होतं?

सात दिवस मागची खोली. तेव्हाचा नियम सात दिवसांचा होता, शेवटचे तीन बिनतापाचे. (व्हेनिसला चाळीस होते, 'क्वारंटाइन' हा शब्दच चाळिसावरून आला. त्याच्याही आधी, १३७७ मध्ये, रगुसा म्हणजे आताच्या दुब्रोवनिकला तीस. मला सातात भिंतीवरचे पोपडे पाठ झाले.) टूरवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत, तारीख पुढे ढकलून दिली, आणि त्यासाठी माझा पॉझिटिव्ह रिपोर्ट मागितला. अख्ख्या भानगडीत पहिल्या फटक्यात, स्पेलिंगसकट, मान्य झालेला हा एकमेव कागद.

आईंनी पहिल्याच दिवशी दाराबाहेर पाट मांडला. नवऱ्याने आरडाओरडा केला म्हणून पाट सहा फूट मागे सरकला, पण त्या उठल्या नाहीत. बंद दाराच्या पलीकडून आवाज मोठा करून बोलायच्या. एवढी वर्षं एका घरात राहून सिंहस्थाची ही गोष्ट मी त्या दारातून पहिल्यांदा ऐकली.

१९५६ चा सिंहस्थ. त्या पंधरा वर्षांच्या. गावाकडून दोन बैलगाड्या निघालेल्या, वडील, चुलते, आत्या, पोरंटोरं. नाशिक जवळ आलं तसं रस्त्यात माणसं अडवलेली दिसली. पटकीची सुई. गर्दीत पटकी पसरते, म्हणून सुई घेतल्याची चिठ्ठी असेल त्यालाच पुढे सोडत होते. बायका रांगेत उभ्या राहून रडत होत्या, सुईला भिऊन नाही, दंड उघडा करायचा म्हणून. आत्याने डोळे मिटून 'गंगे गंगे' म्हणत टोचून घेतलं. धाकटा चुलता मात्र बाभळीमागे गेला आणि परत आला तो चिठ्ठी घेऊन. कुणाची तरी, दोन आण्यांना.

"मग?" मी आतून विचारलं.

"मग काय. गेला आंघोळीला."

"त्याला काही झालं नाही?"

"काही नाही. नव्वदीला गेला. माझा हात सुजला मात्र." हात खांद्यापासून कोपरापर्यंत टम्म, अंगात कसकस. पण बारा वर्षांनी येणारा योग, रामकुंडापर्यंत आलेली पोरगी मागे कशी फिरणार? आईने एका बाजूने धरलं, आत्याने दुसऱ्या. आईंनी डुबकी मारली ती डावा हात पाण्याबाहेर सरळ वर धरून. "देवाला वाटलं असेल, ही काय विचारायला आली," त्या म्हणाल्या आणि दाराबाहेर इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. तो खोकला ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी दाराला कान लावून उभी राहिले. नवराही स्वयंपाकघरातून धावत आला असावा, पावलं वाजली. नुसता हसण्याचा खोकला होता. त्यांना काही झालं नाही, शेवटपर्यंत नाही. पण चार-पाच दिवस मी रोज सकाळी आधी तेवढं ऐकायचे, मग चूळ भरायचे.

गुढीपाडवा २ एप्रिलला होता. त्याच दिवशी राज्याने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. आईंनी कडुलिंबाची पानं, गूळ, जिरं वाटून गोळी केली, आम्हाला एकेक दिली, आणि गुढीचा उरलेला डहाळा हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग तो टोपलीत टाकला.

नवी तारीख १५ एप्रिलची मिळाली, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी चैत्री पौर्णिमा. गुरुजी एकदम खूष, त्यांचाच मुहूर्त साधला होता. अटींची पानं नवाची तीन झाली होती. स्वॅब गेला, डोसांची सर्टिफिकेटं राहिली, आणि एक स्वयंघोषणापत्र आलं: गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, श्वासाचा त्रास, उलट्या, जुलाब? उलट्या-जुलाब का, म्हणून मी भाच्याला विचारलं. बोटींचं जुनं दुखणं तेच आहे, तो म्हणाला. नोरोव्हायरस. एकाला झालं की बुफेच्या चमच्यावरून शंभरांना होतं, आणि सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही, साबणाने हात धुवावे लागतात. म्हणून तर जेवणघराच्या दाराशी बेसिनं असतात. आई म्हणाल्या, जेवायच्या आधी हात धुवा हे सांगायला माणूस ठेवला असेल तर त्याला माझ्याकडून शंभर रुपये द्या.

बॅलार्ड पिअरवर ऊन मी म्हणत होतं. चाकाच्या बॅगा, टोप्या, लग्नाच्या वाढदिवसाचे एकसारखे टीशर्ट घातलेला एक मोठा कबिला. आईंनी इरकल नेसली होती आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद छातीशी धरले होते. फोल्डर मला देईनात. काउंटरवरच्या मुलीने आधार घेतलं, सर्टिफिकेट घेतलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवलं. माझं लक्ष त्या बोटावर. जन्मसाल, १९४१, १९४१. मग बोट वर गेलं, नावाच्या शेवटच्या अक्षरावर थांबलं. एक 'ए'. दोन 'ए'.

मुलीने मान वर करून आईंकडे पाहिलं. आईंनी तिच्याकडे. चार महिने मी त्या एका अक्षरासाठी किती वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही वेळेवर आठवेना.

"आजी, पहिल्यांदा?" मुलीने विचारलं.

"हो गं बाई."

"रात्री डोलते हं बोट. गोळी घेऊन ठेवा." आणि शिक्का मारला.

संध्याकाळी मुंबई मागे मागे गेली, इमारती आधी करड्या झाल्या, मग दिवे झाल्या. आई कठड्याला धरून उभ्या. चारी बाजूंनी पाणी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून बघितलं, काठ खरंच नाही ना याची खात्री करायला. दुसऱ्या दिवशी गोवा धावतपळत पाहिला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ऊन आणि टॅक्सीचे भाव. बोट परत सुटली. नवऱ्याने दुपारपासून चंद्रोदयाची वेळ तीनदा सांगितली. मी ताम्हन, निरांजन बरोबर आणलं होतं, पण बोटीवर ज्योत लावायची नाही अशी ताकीद असल्यामुळे बॅटरीवरचे दिवे मागवले होते, ऐंशी नाही, आठ.

साडेपाचला बोट जरा हलली आणि आईंना मळमळलं. काउंटरवरच्या मुलीचा सल्ला मला आठवला, मी पर्समधून ॲव्होमिन काढून दिली. अर्धी द्यायची होती, पूर्ण दिली.

चंद्र सातच्या सुमाराला जमिनीच्या बाजूने वर आला, तांबूस, थोरला, आधी तर कुठली आग लागली असं वाटलं. डेकवर सगळे मोबाइल वर करून उभे. नवरा धावत खाली गेला, तीन मिनिटांनी एकटाच परत आला. मी गेले. आई इरकल नेसूनच, उशीवर गाल ठेवून, तोंड किंचित उघडं, गाढ. हाक मारली, हलवलं, "आई, चंद्र." त्यांनी डोळे न उघडता "असू दे" म्हटलं आणि भिंतीकडे वळल्या. फोल्डर उशाशी होता. मी बॅटरीचे आठ दिवे ताम्हनात ठेवून त्यांच्यावरून एकदा फिरवले आणि बंद केले.

सकाळी त्या माझ्याआधी उठल्या होत्या. डेकवर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेल्या, समोर पांढरा पडत चाललेला चंद्र शोधत. तो कधीच मावळला होता.

"आई, अहो काल तुम्हाला किती उठवलं..."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुझा तो जूनमधला आहे ना रे अजून? हिशोबाचा?"

"आहे."

"मग तो गच्चीवरून बघू. गोळी नको देऊ हिला सांग."